मामांचे हात खिशात

मामा कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते आणि आपला संघ आपल्या हाताबाहेर जाऊ नये म्हणून हातानेच चालवत. पेनल्टी मारणाऱ्याने आधी मामांकडे बघायचं. मामांनी कान धरला की उजवीकडे मारायचं, नाकाला हात लावला की डावीकडे. गोलरक्षकानेही याच हुकमाने झेपावायचं. मामांना सर्दी झाली की अख्खा संघ डावीकडे खेळे.

गेल्या हंगामापर्यंत गोलरक्षक होता त्यांचा सख्खा भाचा. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मामांनी कान धरला, आणि भाचा सरळ डावीकडे झेपावला. चेंडू तिथेच आला. भाच्याने अडवला, संघ जिंकला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

कपडे बदलायच्या खोलीत मामा म्हणाले, "मी उजवीकडे सांगितलं होतं."

"मामा, पण चेंडू डावीकडे आला ना!"

"चेंडूला शिस्त नसेल. तुला हवी. डोळे आहेत तुला, डोकं नाही. हातमोजे काढ."

सगळ्या संघासमोर त्याने मोजे काढले. मामांनी ते स्वतःच्या मुलाला दिले. या मुलाला सगळे लाडोबा म्हणत. तो फारच शिस्तीचा. चेंडूकडे बघण्यात वेळ घालवत नसे.

भाच्याने रस्त्यापलीकडच्या कॉलेजात नाव घातलं आणि मामांशी बोलणं टाकलं. आता हे अवघड होतं, कारण मामी गेल्यापासून दर रविवारी मामा आणि लाडोबा जेवायला भाच्याकडेच असत.

"बोलू नकोस हवं तर," आई म्हणे, "पण पाणी तरी वाढ."

भाचा पाणी वाढे. मामांचा पेला अर्धाच भरे.

हंगामभर त्याने दुसरा विचार केला नाही. पावसात, चिखलात, रिकाम्या मैदानावर तो सराव करी आणि डोळ्यांसमोर एकच चित्र ठेवी: मामा हरलेत, आणि सगळे बघतायत. दोन्ही संघ एकेक सामना जिंकत वर सरकले आणि व्हायचं तेच झालं. अंतिम सामन्यात समोरासमोर आले. वेळ संपली तरी बरोबरी सुटेना. शेवटी पेनल्ट्या.

भाचा गोलकडे जाता जाता वाकडी वाट करून मामांपुढे थांबला. वर्षभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामा, खुणा बदलल्या म्हणे. नव्या तर जुन्यांपेक्षा सोप्या आहेत."

मामांचा चेहरा उतरला. खुणा त्यांनी खरंच बदलल्या होत्या, त्याही याच आठवड्यात: कोपर म्हणजे उजवीकडे, गुडघा म्हणजे डावीकडे. त्यांनी लाडोबाकडे जळजळीत नजर टाकली आणि दोन्ही हात खिशात घातले.

त्यांचा पहिला खेळाडू चेंडूपाशी आला. मामांकडे बघितलं. खिसे. पुन्हा बघितलं. पंचांनी शिटी वाजवली तसा त्याने घाबरून चेंडू सरळ भाच्याच्या छातीवर मारला. दुसऱ्याने तेच केलं. तिसरा "सर, काय करू?" असं मोठ्याने विचारून मोकळा झाला आणि प्रेक्षकांनी त्याला इतके सल्ले दिले, की चेंडू बाहेरच गेला.

इकडे लाडोबा गोलच्या मधोमध उभा राहून बापाच्या पँटकडे टक लावून बघत होता. चेंडू उजवीकडून गेला, डावीकडून गेला, एक तर त्याच्या दोन पायांमधून गेला. तेवढ्यावर सामना संपला. मामांच्या कॉलेजच्या पोरांनीच मामांची हुर्यो उडवली. भाच्याने ती शेवटपर्यंत, मोजे न काढता, उभं राहून ऐकली.

रविवारी मामा आले. मान खाली घालून जेवले. मग म्हणाले, "एकच सांग. नव्या खुणा तुला कोणी सांगितल्या? यानेच ना?"

"बाबा, आईशप्पथ मी नाही!" लाडोबा रडकुंडीला आला.

"कोणीच नाही," भाचा म्हणाला. "मला माहीतच नव्हत्या. अजूनही नाहीत."

"म्हणजे मी खूण केली असती, तर..."

"तर जिंकलाही असता, मामा."

आईने पदर तोंडाला लावला. मामांनी हताश होऊन गुडघा धरला. त्यासरशी लाडोबा खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे झेपावला आणि मामांचा पेला टेबलावरून उडाला.

भाच्याने तो हवेतच झेलला. आत घोटभर पाणी उरलं होतं. मामांनी हात पुढे केला.

मामांकडे बघत बघत भाच्याने ते पिऊन टाकलं आणि म्हणाला, "आई, पोळी वाढ."