भाताच्या खळीने बुजवलेली भेग

ज्या वस्तूच्या आधारावर कोणी आपला प्राण टेकवतो, त्या वस्तूचे व्यंग झाकलेले असू नये. वस्तूला वाचा नसते. म्हणून तिच्या वतीने खरे बोलण्याचे ऋण तिच्या धन्यावर असते. हे ऋण एका सज्जन वृद्धेकडून एकदा फेडायचे राहून गेले. तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि आदर बाळगूनच मी हे सांगतो.

मित्रांनो, मी जेजू बेटावरचा एक जुना भोपळा आहे. मालसुन आजींच्या आईने काळ्या दगडांच्या कुंपणावर माझा वेल चढवला होता. शरद ऋतूत मला तोडून वाळवले, देठापाशी भोक पाडून बिया काढल्या, ते भोक राळेने बंद केले आणि पोटाखाली जाळे बांधले. तेव्हापासून मी मालसुनची सांगड, म्हणजे पाण्यावरचा तरंगता आधार, झालो. श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जायचे आणि शिंपले खरवडून आणायचे, हा आमच्याकडच्या स्त्रियांचा पिढीजात व्यवसाय. ती खाली जाई, मी वर वाट पाहत थांबे. वर आली की माझ्यावर छाती टेकून ती कोंडलेला श्वास सोडी, आणि तिच्या ओठांतून एक लांब शीळ उमटे. प्रत्येकीची शीळ निराळी असते. धुक्यात कोण वर आली आणि कोण अजून खाली आहे, हे शिळेवरूनच कळते. ही शीळ जमिनीवर कधी घालायची नाही, असा गावचा दंडक आहे. समुद्राने श्वास परत दिला, त्याची ती पोच. कोरड्या जागी ती घालणे म्हणजे समुद्राची थट्टा.

पुढे थर्मोकोलच्या सांगडी आल्या. खोल पाण्याच्या दाबाने मालसुनचे कानही अधू झाले. तिने समुद्र सोडला, घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना दिल्या आणि मला दाराशेजारच्या खुंटीवर टांगले. पाहुणे माझे फोटो काढीत. मालसुन प्रत्येकाला सांगे, “यानं मला जन्मात बुडू दिलं नाही.” ती स्तुती ऐकून मी सुखावत असे.

एका हिवाळ्यात उंदरांनी माझा तळ कुरतडला आणि तेथून एक भेग वर चढली. मालसुनने ती पाहिली, हळहळली, आणि पाहुण्यांना वाईट दिसू नये म्हणून भाताची खळ भरून बुजवली. वरून तेल चोळले. मी चकाकू लागलो. शोभा आली, पण आधार गेला होता. हे जगात फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

त्या उन्हाळ्यात ओयुन नावाची एक मंगोल तरुणी आमच्याकडे उतरली. ती मोठ्या शहरात शिवणकामाच्या कारखान्यात राबत असे आणि तिला एकच दिवस मोकळा मिळाला होता. सकाळी ती शिंपल्याची पेज वाडग्यामागून वाडगा पिऊ लागली, तेव्हा मालसुन म्हणाली, “घोड्यावरची माणसं पेजसुद्धा घोड्यावरूनच पितात वाटतं. दमानं घे, पोरी. समुद्र कुठं पळून जात नाही.”

“आमच्याकडे समुद्रच नाही, आजी,” ओयुन म्हणाली. “म्हणून भीती वाटते, गेला तर?”

दोघीही हसल्या. मग मालसुनने तिला माझी थोरवी सांगितली. भेगेचे मात्र सांगितले नाही.

ओयुन कुंपणाला टेकून उन्हात पहुडली, तिने पावले वाळूत पुरून ठेवली. दुपारी मालसुन मागच्या अंगणात शेवाळ वाळत घालीत असता ओयुनने मला खुंटीवरून उतरवले आणि कवटाळून पाण्यात नेले. तिला पोहता येत नव्हते. तिचा विश्वास माझ्यावर होता.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! पाणी कोमट होते, ओयुन गाणे गुणगुणत होती, आणि माझ्या तळाशी खळ मऊ पडत होती. पाण्याचा पहिला थेंब आत आला. मागोमाग दुसरा. ओहोटीने आम्हांला हळूच आत ओढले. ओयुनच्या पायांखालची वाळू सरली, तरी ती हसतच होती. मी जड होऊ लागलो, तेव्हा गाणे थांबले. खडकापलीकडे गावच्या स्त्रिया बुड्या मारीत होत्या. त्यांचे लक्ष तळाकडे होते.

तेवढ्यात मालसुन दाराशी आली आणि तिला रिकामी खुंटी दिसली. दुखऱ्या गुडघ्यांनी ती खडकांवर धावली. तिने हाका मारल्या. त्या लाटांच्या गलबल्यात विरल्या. ओयुनची हनुवटी पाण्याला टेकली होती. तेव्हा मालसुनने छातीभर श्वास घेतला, क्षणभर कोंडला, आणि ती शीळ घातली. जमिनीवर उभी राहून घातली. तिच्या अधू कानांना ती ऐकू आली नाही. ती उमटली की नाही, हेही तिला कळले नाही. ती पुन्हा पुन्हा शीळ घालीत राहिली.

समुद्रात वर आलेले प्रत्येक मस्तक किनाऱ्याकडे वळले. कित्येक वर्षांत न ऐकलेली ती शीळ, आणि तीही कोरड्या खडकावरून! मालसुनचा लांबवलेला हात पाहून तिची भाची मीरान आमच्याकडे झेपावली. ओयुनची बोटे माझ्यावरून निसटली तोच मीरानने आपली सांगड तिच्या छातीखाली सारली.

“मला नको, हिला धर,” मीरान म्हणाली.

मलाही मीरानने जाळ्याला धरून ओढून आणले. किनाऱ्यावर गोधडीत कुडकुडत ओयुन माझ्यासाठीच रडत होती. आजीची वस्तू आपण मोडली, असे तिला वाटत होते. मीरान केस पिळत म्हणाली, “मावशी, जमिनीवर शीळ घातलीस. आता समुद्राला काय सांगशील?”

“खरं तेच सांगेन. भेग मला ठाऊक होती. मी ती झाकली, आणि वर फुशारकी मारली.”

“मी न विचारता नेला, आजी,” ओयुन तिच्या कानाशी म्हणाली.

“तू विचारायच्या आधी मीच सांगायला हवं होतं, पोरी.”

दुसऱ्या सकाळी मालसुनने मूठभर भात कागदात गुंडाळून समुद्राला वाहिला. मग करवत घेऊन तिने मला त्या भेगेवरूनच चिरले आणि माझी दोन पात्रे केली. एक ओयुनने आपल्या आईला दूध ओतण्यासाठी नेले. दुसरे म्हणजे मी, आज मालसुनच्या स्वयंपाकघरात तांदूळ धुतो. माझी भेगच आता माझा काठ झाली आहे, आणि ती सर्वांना दिसते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना मानाने भिंतीवर टांगा. पण त्यांचे बळ सरले असेल तर तेही सांगून ठेवा. जी पाण्यात उतरेल तिला तिचा श्वास परत मिळो. आणि किनाऱ्यावर जी वाट पाहत उभी असेल, तिला तो ऐकू येवो.