वाशी सोडणार नाही

पुण्याच्या भाषांतर कंपनीतून शुक्रवारी सकाळी फोन आला. मॅनेजर उमादेवी म्हणाल्या, "प्रमोदिनीताई, सोमवारपासून सगळ्या फायली आपल्या सर्व्हरवरच राहणार. घरून काम करायचं तर व्हीपीएन लागेल. तुमच्या त्या जुन्या लिनक्सवर तो चालणार नाही, असं आपला कंप्युटर सांभाळणारा शंतनू म्हणतो. नवे लॅपटॉप ऑफिसात बसणाऱ्यांनाच मिळतील. तेव्हा पुण्याला या, नाहीतर काम थांबवूया."

बारा वर्षं प्रमोदिनी वाशीत, आपल्या तालुक्याच्या गावी बसून कोर्टाचे निकाल मराठीत आणत होती. एक तारीख चुकली नव्हती की एक नाव. कंप्युटर जुना होता खरा, पण विंडोज काढून त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली तिनंच बसवली होती आणि कीबोर्डही आपल्या हाताला बसेल असा करून घेतला होता. तिनं लगेच शंतनूला फोन लावला.

"लिनक्स चालत नाही, असा नियम आहे का?"

"नियम असा नाही, ताई. आम्ही सपोर्ट देत नाही."

"मग व्हीपीएनची फाईल पाठवा. सपोर्ट मी मागितलेलाच नाही."

शंतनू हसला. "ते मशीन भंगारात घाला, ताई. उगीच दमाल." पण फाईल त्यानं पाठवली.

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून थेट कंपनीच्या आत नेणारी कुलूपबंद वाट, आणि त्या कुलपाची किल्ली या फायलीत होती. प्रमोदिनीनं ओपनव्हीपीएन हा त्यासाठीचा प्रोग्रॅम उतरवून घेतला, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिली आणि एंटर दाबलं. ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. किल्लीसोबतचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, असं मशीन सांगत होतं.

दुपारपर्यंत तिनं तीच आज्ञा सतरा वेळा चालवली. वडील अंबादासगुरुजी दारात येऊन उभे राहिले. "कशाला एवढा हट्ट, बाई? पुण्याला लोक जातातच की."

"जाणारे जाऊ द्यात, अण्णा. मला हाकून कुणी नेणार न्हाय."

चिडूनच तिनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडं पाहिलं, आणि तिचा हात थांबला. मशीनच्या लेखी आज एक जानेवारी दोन हजार दहा होतं! प्रमाणपत्र गेल्या महिन्यातलं. दोन हजार दहात जगणाऱ्या मशीनला ते भविष्यातलंच वाटणार. तिनं आजची तारीख घातली, पुन्हा एंटर दाबलं. शेवटी ओळ उमटली: 'इनिशियलायझेशन सिक्वेन्स कम्प्लीटेड', म्हणजे वाट जोडली गेली. कंपनीच्या फायली समोर उघडल्या.

ती अण्णांना हाक मारणार एवढ्यात लाइट गेली. तासाभरानं आली तेव्हा मशीन पुन्हा दोन हजार दहात जाऊन बसलं होतं.

म्हणजे आतला सेल मेला होता. वीज नसताना तारीख सांभाळायचं काम त्याचं. शनिवारी सकाळी प्रमोदिनीनं कंप्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं, रुपयाएवढा गोल सेल काढला आणि बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या महांतप्पांच्या पुढ्यात ठेवला.

महांतप्पांनी तो उलटासुलटा केला. "ह्यो मनगटाच्या घड्याळाचा न्हाय, ताई. पर भिंतीवरच्या एका घड्याळात बसतो. हाय माझ्याकडं."

घरी येऊन तिनं सेल बसवला, तारीख घातली. मग मुद्दाम प्लग उपसून ठेवला आणि जेवायला बसली. तासाभरानं मशीन चालू केलं. तारीख आजची होती, वेळही बरोबर होती.

"अण्णा!" ती ओरडली. गुरुजी पळतच आले. पडद्यावरचं त्यांना काहीच कळलं नाही. तिच्या तोंडाकडं बघून ते नुसते म्हणाले, "जमलं व्हय?"

सोमवारी नऊच्या ठोक्याला ती सर्व्हरवर हजर होती. सव्वानऊला उमादेवींचा फोन आला. "तुमचं नाव इथं कसं काय दिसतंय?"

"कामावर आलेय."

"शंतनूचा विश्वास बसेना. तपासायचं म्हणतोय. मशीन घेऊन एकदा पुण्याला या ना."

"मशीन वाशीतच राहणार, मीही. त्यांना तपासायचं असेल तर इकडं यायला सांगा. चहा पाजीन."

मग उमादेवी खाकरल्या. "तीन निकाल टाकलेत. संध्याकाळपर्यंत हवेत."

"दुपारीच घ्या," प्रमोदिनी म्हणाली आणि तिनंच फोन ठेवला.