आधी खिडकी, मग दोरी

आमच्या मंडळीत नऊ वाजतात ते नऊ वाजून दहा मिनिटांनी. चर्चची घंटा तेव्हाच होते आणि घरोघरची घड्याळं तिच्यावरच लावलेली. त्यामुळे बस चुकणं हा आमच्यात घराण्याचा आजार समजतात. माझ्या लग्नाला नवरा, बिचारा बाहेरच्या मंडळीतला, खऱ्या नऊला येऊन दहा मिनिटं रिकाम्या बाकांसमोर उभा होता. "देवाने तेव्हाच इशारा दिला होता," असं अजून ऐकवतो.

घंटा वाजवायचे माझे बाबा. चाळीस वर्षं.

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, उत्साही, मनगटावर मोठं घड्याळ. पहिल्याच रविवारी त्यांनी खऱ्या नऊला उपासना सुरू केली. समोर फक्त ऑर्गन वाजवणारे मास्तर, तेही विसरलेला चष्मा शोधायला लवकर आलेले. त्यांच्या एकट्यासाठी एक अख्खं स्तोत्र वाचून झालं, तेव्हा घंटा झाली आणि आम्ही सगळे वेळेवर आल्याच्या थाटात आत शिरलो.

"काका, रोज एवढा उशीर?" उपासना संपल्यावर त्यांनी बाबांना विचारलं.

"उशीर नाही. हीच वेळ आहे."

"पण का?"

"मला असंच शिकवलंय."

पुढच्या आठवड्यात विजेची घंटा बसली, आपोआप नऊला वाजणारी. बाबांनी दोरीची गुंडाळी करून खुंटीला लावली. घरी येऊन भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, काटा दहा मिनिटं पुढे केला आणि घड्याळालाच म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी चुकलो."

रविवारी ते चर्चला आले नाहीत. पाय दुखतोय म्हणाले. सकाळी डावा दुखत होता, दुपारी उजवा.

चर्चला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि त्याची पुस्तिका लिहायचं माझ्या गळ्यात पडलं होतं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी रद्दीतून आणलेल्या पुस्तकांतून शिकले, त्यामुळे कसलंही अक्षर मला लागतं. शिवाय नाही म्हणता येत नाही. तर मेणबत्त्यांच्या खोक्यामागे मला मंडळीची पहिली नोंदवही मिळाली. तिच्यात चर्च बांधून झालं त्या महिन्यात लिहिलं होतं:

"आजवर पावभट्टीवाल्या बाईंनी आपली पिठाची कोठी प्रार्थनेला दिली. पावांची शेवटची खेप नऊला निघते, हात धुऊन यायला त्यांना दहा मिनिटं लागतात. ज्यांच्या छपराखाली सहा वर्षं बसलो, त्यांना सोडून सुरुवात करणं बरं नाही. घंटा वाजवणाऱ्याने आधी खिडकीतून पाहावं. बाई वळणावर दिसल्या की मग दोरी ओढावी."

मी वही तशीच घरी नेली. बाबांनी मला दोनदा वाचायला लावलं.

"आधी खिडकी, मग दोरी," ते म्हणाले. "माझ्याआधी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने मला शिकवलं ते एवढंच. बाईंना तेव्हा जाऊन दहा वर्षं झाली होती."

"मग तुम्ही खिडकीतून बघत काय होता?"

"कोण राहिलंय ते. कुणीतरी राहिलेलं असतंच. आधी दूधवाला असायचा. आता नर्सबाई."

नर्सबाई शेवटच्या बाकावर बसते. प्रवचनभर झोपते आणि गीत सुरू झालं की बरोब्बर जागी होते. तिची रात्रपाळी साडेआठला संपते, तिथून ती चालत येते. मागच्या रविवारी ती आली तेव्हा आत गाणं सुरू झालं होतं. दारात जरा थांबली आणि परत फिरली. मला वाटलं, काही विसरली असेल.

"बाबा, हे पाळकांना सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तिच्या कानावर गेलं असतं. मग ती धावत आली असती, नाहीतर यायचीच बंद झाली असती."

दुसऱ्या दिवशी मी वही पाळकसाहेबांपुढे ठेवली आणि नर्सबाईचंही सांगितलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं.

"ताई, हे पुस्तिकेत येणार ना?"

"पहिल्या पानावर. नर्सबाईचं सोडून."

संध्याकाळी ते घरी आले. "काका, पाय कसा आहे?"

"कुठला?" बाबा म्हणाले.

पाळकसाहेब हसले नाहीत, हे मला आवडलं. "मी न विचारता निकाल दिला. चुकलं माझं. रविवारी घंटा तुम्हीच वाजवा."

"किती वाजता?" बाबांनी विचारलं. तेवढा सूड त्यांचा हक्काचाच होता.

"तुम्हाला दिसेल तेव्हा."

निरोप नर्सबाईकडे मी पोचवला, माझ्या पद्धतीने: विजेची घंटा बिघडली, आता परत जुन्या वेळेला.

रविवारी बाबा खिडकीशी, दोरी हातात. नऊ-आठ झाले. नऊ-दहा झाले. पाळकसाहेबांनी घड्याळावर बाही ओढून घेतली. नऊ-बाराला ती वळणावर दिसली, पिशवी खांद्यावर, थकलेली, पण चालत. बाबांनी दोरी ओढली.

"पोचले बाई वेळेत," ती माझ्याशेजारी टेकत म्हणाली.

"घंटा आत्ताच झाली," मी म्हटलं.

दुपारी बाबांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून काटा दहा मिनिटं मागे नेला. सोमवारी माझी बस चुकली. दुसरी यायला वेळ होता. तोवर थांब्यावर उभी राहून मी पावभट्टीवाल्या बाईंपासून सुरुवात केली आणि त्या दहा मिनिटांसाठी मनातल्या मनात एकेकाचे आभार मानत गेले. बस आली तेव्हा कुठे मी दूधवाल्यापर्यंत पोचले होते.