चारशे मीटर

स्वप्नालीच्या बाबांनी, गुरुनाथांनी, पुण्यातल्या एका गोल्फ क्लबवर एकतीस वर्षं रोज पहाटे अठरा होल पाडले आणि अठरा बुजवले. होल एकाच जागी राहिलं तर भोवतालचं गवत पायांखाली मरतं, म्हणून ते रोज हलवायचं. नव्या जागी लोखंडी कटर रोवून मातीचा गोल गट्टू काढायचा आणि तोच कालच्या होलात बसवायचा. खेळ मात्र ते एकदाही खेळले नाहीत.

क्लबच्या रद्दीतून त्यांनी आयर्लंडच्या मैदानांची चित्रं कापून ठेवली होती. काही माळरानावरची, काही तळ्याकाठची. स्वप्नालीला आयर्लंडमधल्या ॲथलोनला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्यांनी पगाराच्या आधी नकाशा विचारला. "अगं, तुझ्या गावाला लागूनच तळं आहे! काठावर मैदान आहे. तेवढं बघायचंच."

मे २०२०चं त्यांचं तिकीट रद्द झालं. त्या उन्हाळ्यात मैदानं उघडली होती, पण बाबांनीच बजावलं, "एकटी जाऊ नकोस हं. मी आलो की दोघं बघू." ती गेली नाही.

जानेवारीत पुन्हा सगळं बंद होतं. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला मनाई. तेव्हा बाबा म्हणाले, "माझं येणं आता काही खरं नाही. फोनवरच दाखव. गवत नको, गट्टू दाखव. तिथली जमीन आतून कशी आहे ते बघायचंय मला."

स्वप्नालीने मोजलं. मैदानाचं फाटक पाच किलोमीटर चारशे मीटरवर होतं.

"चारशे?" बाबा हसले. "दोन फटके कमी पडले की गं!"

"नियम म्हणजे नियम, बाबा. उद्या मशीनचं रीडिंगही असंच सोडून देऊ का?"

"नको बाई. माळ्याच्या घरात शास्त्रज्ञ जन्मली, आता भोगा."

बारा एप्रिलला मर्यादा वाढली. तिने क्लबला मेल केली. उत्तर आलं, मैदान सव्वीसला उघडेल, पण आमचे माळी रोज येतात, हवं तर याच आठवड्यात या. तिने सव्वीस निवडली. झेंडा लागलेला असेल, गवत ताजं कापलेलं असेल, बाबांना सगळं नीट दिसेल.

अठराला बाबांना ताप आला. दवाखान्यात जागा मिळेना, म्हणून घरीच सिलिंडर आणला. तिने आईला विचारलं, "आधीच जाऊन येऊ का?"

"नको," आई म्हणाली. "सव्वीस, सव्वीस करतायत. त्या नादात दोन घास तरी खातात."

सव्वीसला सकाळी साडेसहाला तळ्यावर वारा नव्हता. पाणी मैदानाच्या तीन बाजूंनी आत आलं होतं आणि पलीकडे तपकिरी माळ पसरला होता, हुबेहूब कात्रणातल्यासारखा. डेक्लन नावाचा साठीचा माळी कटर घेऊन उभा होता. तिने फोन लावला. पुण्यात अकरा वाजले होते.

पडद्यावर मास्क, मिटलेले डोळे आणि उशीवर आईचा हात.

"ऐकतायत का?"

"माहीत नाही गं. तू बोल."

डेक्लनने कटर रोवला, दाबला, फिरवला, वर ओढला. गट्टू बाहेर आला तसा तिने फोन जवळ धरला. "बाबा, खाली काळी माती आहे. तुम्ही म्हणाला होतात तशीच, दलदलीची. वर वाळूच्या रेषा आहेत."

रेषा म्हणजे काय, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. दर वर्षी गवतावर वाळू पसरतात, ती थर होऊन राहते. ती मोजायला लागली. "एक. दोन. तीन, ही जाड आहे, त्या वर्षी पाऊस जास्त झाला असेल का हो? चार. पाच." रेषा पुसट होत गेल्या. ती वाकली. "नऊ. दहा. अकरा..."

"स्वप्ना," आई म्हणाली. "थांब, बाळा."

तिने मान वर केली नाही. पडद्यावर आईने बाबांच्या तोंडावरचा मास्क काढला. फोनमधून सिलिंडरचा बुडबुड आवाज येत राहिला.

डेक्लनला मराठी कळत नव्हतं, पण त्याने टोपी काढली. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, हा लवकर बसवायला हवा, मुळं सुकतात. मी करतो.

"मी करते," ती म्हणाली.

गट्टू वर राहिला तर यंत्र त्याचं गवत सोलून काढतं आणि खाली गेला तर पाणी साचतं. बोटांनी खाली चिमूट चिमूट माती घालून तिने तो कालच्या होलात बसवला, तळव्याने दाबला, गाल जमिनीला टेकवून पातळी पाहिली. अगदी बरोबर बसला होता.

"ग्रँड," डेक्लन पुटपुटला. "शिकवलं कुणी?"

ती उठली आणि चार पावलं मागे गेली. होल कुठे होतं ते कळत नव्हतं. ती परत आली, गुडघ्यांवर बसली आणि ओल्या गवतावरून तळवा फिरवत गट्टूची सांध शोधू लागली.