रोटोटुनाच्या प्रेयर ब्रेकफास्टचा अधिकृत इतिहास

जयवंत सोनावणे यांचं नाव रोटोटुनाच्या कम्युनिटी प्रेयर ब्रेकफास्टच्या इतिहासात आलं नाही. बरं, ते सोडा. असं काही झालंच नाही, असं धरून पुढे जाऊ. समितीही दरवर्षी असंच धरून पुढे जाते आणि तिची तब्येत उत्तम आहे.

यंदा ब्रेकफास्टचं दहावं वर्ष. मेयर येणार, तीन काउन्सिलर येणार, पोलिसातलं कुणीतरी मोठं येणार. परदेशात मराठी माणसं दहा वर्षं एका समितीत टिकली की स्मरणिका काढतात. अध्यक्ष देवव्रत यांनी आपल्या घरी बैठक बोलावली आणि इतिहासाचं पान संघमित्राकडे दिलं. संघमित्रा ही जयवंतांची मुलगी, पुलांची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनियर. बैठकीला वेळेवर आलेली ती एकटीच, म्हणून सापडली.

“तुझं इंग्लिश चांगलंय,” देवव्रत म्हणाले. “एक पान. व्हिजनपासून सुरुवात कर.”

“कुणाच्या व्हिजनपासून, काका?”

देवव्रत विनयानं छताकडे बघू लागले. सेक्रेटरी गुरुनाथ यांनी बोटानं त्यांच्याकडे दाखवलं, तेव्हा ते खाली बघायला तयार झाले.

घरी आई, म्हणजे बेबीताई, सगळं ऐकून म्हणाल्या, “माझं नाव नको घालूस. ह्यांचं घाल. एकदाच. मग मी मरायला मोकळी.”

“मरायला समितीची परवानगी लागते का, आई?”

“फॉर्म असेल तर आण. भरून टाकू.”

हट्ट अवाजवी नव्हता. नऊ वर्षांपूर्वी, जयवंतांना जाऊन वर्ष झालं त्या रविवारी, बेबीताईंनी सकाळी कम्युनिटी हॉल घेतला होता. टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, शेजारी जयवंतांचा हार घातलेला फोटो. आधी वंदना, मग सगळ्यांना पोहे. वंदना अर्ध्यावर आली असताना काउन्सिलर ब्रायन आत शिरले. त्यांना शेजारच्या खोलीत कुत्र्यांच्या नव्या नियमांवरच्या सभेला जायचं होतं. दार चुकलं. पण लोक माना खाली घालून बसलेले दिसल्यावर तेही मान खाली घालून बसले, आणि तीन बशा पोहे खाऊन उठले. दुपारी त्यांनी फेसबुकवर लिहिलं की रोटोटुनातल्या मराठी लोकांचा प्रेयर ब्रेकफास्ट फारच लव्हली, पुढच्या वर्षी मेयरला आणतो.

अहो, तो स्मृतिदिन होता, एवढं एका ओळीत सांगता आलं असतं. अख्ख्या मराठी मंडळात ती ओळ कुणाला सुचली नाही. गोरा पाहुणा चुकत नसतो. चुकतो तो कार्यक्रम. मंडळानं ताबडतोब समिती नेमली. तारीख तीच ठेवली, हॉल तोच ठेवला, पोहे बेबीताईंकडेच ठेवले. संस्थापक तेवढा नवा आणला.

ह्यांच्या दिवशी चार माणसं खातात, म्हणून बेबीताई पहाटे उठून कांदे चिरत राहिल्या. पुढे सहा धर्मांच्या दोन-दोन मिनिटांच्या प्रार्थना आल्या. वंदना कार्यक्रमपत्रिकेत ‘इतर’ या मथळ्याखाली गेली, आणि चौथ्या वर्षी वेळेअभावी ‘इतर’ही गेलं.

राहिला एक फोटो. पहिल्या वर्षीचा, हॉलच्या भिंतीवर लावलेला. एका बाजूला ब्रायन, एका बाजूला पोहे, मधे टेबलावर हार घातलेल्या फ्रेममध्ये जयवंत. ब्रायन दरवर्षी त्याच्यापुढे थांबून विचारतात, “हाऊ इज दिस जेंटलमन? नेव्हर सी हिम.”

देवव्रत दरवर्षी सांगतात, “ट्रॅव्हलिंग.”

संघमित्रानं हे सगळं एका पानात लिहून दिलं. समितीनं तिला पुन्हा बोलावलं.

“यातलं खोटं काहीच नाही,” गुरुनाथ दुःखानं म्हणाले. “तोच प्रॉब्लेम आहे.”

“मयताचा विषय नाश्त्याला बरा दिसत नाही,” देवव्रत म्हणाले. “आणि ब्रायनला काय वाटेल? इतकी वर्षं तो ज्यांची चौकशी करतोय, ते…”

“वारलेले होते, असं वाटेल.”

“अगं, आठ वर्षं मी ट्रॅव्हलिंग सांगतोय. माझी पोझिशन समजून घे.”

“घेतली. बाबा फिरतायत, तुम्ही बसलाय.”

गुरुनाथांनी तोडगा काढला. “‘स्थानिक भगिनींचं सहकार्य लाभलं’ असं टाकू. बेबीताई त्यात आल्याच.”

“आणि बाबा?”

“त्यांनाही त्यातच धर,” गुरुनाथ म्हणाले. त्यांना पार्किंगमधून गाडी काढायची होती.

स्मरणिका छापून आली. तीनशे प्रती. इतिहासाच्या पानावर व्हिजन होती, भगिनी होत्या, आणि तो जुना फोटो होता. समितीनं त्यातून जयवंतांना काढलं होतं. पण फ्रेम चांगली होती, म्हणून फ्रेम ठेवून चेहरा तेवढा बदलला. आत आता देवव्रत हसत होते. हार काढायचा राहिला होता.

मेयरला त्यात काही वावगं वाटलं नाही. मराठी माणसांना वाटलं. दूरच्या फ्लॅट बुशहून दोघे पांढरे कपडे घालून गाडीनं निघाले. पुण्याहून देवव्रतांच्या मावशीचा रडत फोन आला, तो देवव्रतांनीच घेतला, त्यामुळे मावशी जास्तच घाबरली.

ब्रायन मात्र आता शहाणे झाले होते. हाराचा अर्थ त्यांना कुणीतरी सांगितला होता. ब्रेकफास्टच्या दिवशी ते देवव्रतांपुढे बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “यू लुक वेल, मेट.”

बेबीताईंनी पान दोनदा वाचलं. नवऱ्याचं नाव नव्हतं, ते कुठेतरी दडलेलं असेल म्हणून तिसऱ्यांदाही वाचलं. मग चष्मा काढून लेकीला म्हणाल्या, “लॅपटॉप घे. मी सांगते तसं लिही. मधे तुझं काही घालू नकोस.”

प्रति, माननीय अध्यक्ष, प्रेयर ब्रेकफास्ट समिती, रोटोटुना. विषय: स्मृतिदिन परत मिळण्याबाबत. महोदय, कालकथित जयवंत सोनावणे यांचा स्मृतिदिन आपल्या समितीने गेली नऊ वर्षे विनापरवाना वापरला आहे. तरी तो मूळ स्थितीत, वंदनेसह व नेत्यांविना, कुटुंबाच्या ताब्यात द्यावा, आणि ताबा मिळेपर्यंत माननीय अध्यक्षांनी हारासह फोटोतच राहावे, ही नम्र विनंती.