दोन्ही टोकांना माणसं

मी एक जुना दोर आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, पुरा नाही. चार हात लांबीचा तुकडा तेवढा उरलोय. माझं एक टोक नीट बांधलेलं आहे, दुसरं कुऱ्हाडीने तोडलेलं. मधोमध एक काळपट डाग आहे. तो तेलाचा नाही. कसला ते कळेल, जरा दम धरा.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. मला वळणारा कारागीर तागाचा गठ्ठा कमरेला बांधून मागे मागे चालत जायचा, आणि त्याच्या बोटांमधून माझा एकेक धागा निघायचा. मग तीन पदर एकमेकांत वळले आणि मी मनगटाएवढा जाड झालो. पुढे जन्मभर माझी गाठ मागे चालणाऱ्यांशीच पडली, कारण मी गेलो तो थेट रस्सीखेचीच्या मैदानात.

त्या गावात दोनच मोठी कामं होती, एक फाउंडरी आणि एक गोदी. एकीकडे लोखंड ओतणारे, दुसरीकडे ओझी वाहणारे. मधे एक क्लब, क्लबसमोर मैदान, आणि वर्षातून एकदा त्या मैदानात इकडचे आठ, तिकडचे आठ आणि मधे मी. अख्खं गाव यायचं. तुम्ही म्हणाल, दोराला त्यात काय करायचं असतं? अहो, सगळं मलाच कळायचं! कुणाचा दम उखडलाय, कुणाच्या पायात गोळा आलाय, कोण तोंड वेडंवाकडं करून अंग चोरतोय, हे मला पहिल्या झटक्यात समजायचं. मला तोंड नव्हतं म्हणून बरं, नाहीतर निम्म्या गावाची अब्रू गेली असती.

क्लबचा रखवालदार मला जिवापाड जपायचा. ओला झालो की उन्हात पसरायचा, उंदीर लागू नयेत म्हणून उंच खुंटीवर टांगायचा. त्याला दोन मुलगे होते. थोरला आडदांड, धाकटा काटक. दोघांत सहा वर्षांचं अंतर, पण धाकटा थोरल्याच्या पायात पायात असायचा. बाप कामात असला की दोघे मला खाली ओढायचे आणि मैदानात रस्सीखेच खेळायचे. बापाने त्यांना दोन नियम घालून दिले होते. दोर हाताला गुंडाळायचा नाही, मरायची वेळ आली तरी नाही. आणि समोरच्याने "सोड" म्हटलं की तिथल्या तिथे सोडायचा. एकदा थोरल्याने ऐकूनही सोडला नाही आणि धाकटा दगडांवरून फरपटत गेला. बापाने थोरल्याच्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की पोराचा कान दोन दिवस लाल होता. त्यानंतर धाकट्याने "सोड" म्हटलं की थोरल्याची मूठ आपोआप उघडायची. मला तो नियम फार आवडायचा. मातीत पडलेली दोन पोरं खदखदा हसायची, आणि मीही त्यांच्यासोबत मातीत लोळायचो.

थोरला फाउंडरीत लागला आणि तिथल्या संघाचा शेवटचा गडी झाला. शेवटच्या गड्याने दोर पाठीवरून घेऊन खांबासारखं उभं राहायचं असतं. थोरल्याला लोक ऐरण म्हणायचे. त्याच्यापुढे हत्ती, मुका, पाचर अशी एकेक माणसं. त्यांनी ओढलं की माझे पदर करकरायचे. एका सामन्यात हत्तीचा खांदा निखळला. गड्याने तसंच शेवटपर्यंत ओढलं, मग खांबावर खांदा आपटून स्वतःच बसवला आणि चहा मागितला. कितीतरी वर्षं हे आठजण हरलेच नाहीत. पुढे ते थकले, एकेक करून बाजूला झाले. तेवढ्यात धाकटा गोदीच्या संघात शेवटी उभा राहू लागला. त्याला लोक नांगर म्हणायचे. हे आठजण दिसायला किडकिडीत, पण एका श्वासात ओढायचे. तोंडातून आवाज नाही, घाई नाही. त्यांनी फाउंडरीच्या नव्या पोरांना असं लोळवलं की मैदानात हसू फुटलं. दोन्ही भाऊ मात्र समोरासमोर कधी आलेच नाहीत. सगळा घोळ तिथेच झाला.

कारण मग वाद सुरू झाला की सगळ्यांत भारी संघ कोणता. थोरला म्हणायचा, तुम्ही आमचा उरलासुरला गाळ हरवलात. धाकटा म्हणायचा, तुमच्या वेळी समोर होतंच कोण, रात्रपाळी करून आलेली उपाशी माणसं. आधी हे सगळं हसत हसत चालायचं. क्लबात चहाचे कप गार व्हायचे, सगळ्यांची करमणूक व्हायची. मी खुंटीवरून ऐकत असायचो. गंमत म्हणजे दोन्ही संघांची ओढ ज्याने अंगावर घेतली तो तिथेच लटकत होता, आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

क्लबला पन्नास वर्षं झाली तेव्हा चिटणिसांच्या डोक्यातून एक अफलातून कल्पना निघाली. समोरच्या भिंतीवर आजवरच्या सर्वश्रेष्ठ संघाची आठ नावं रंगवायची. संघ एकच. झालं! त्या आठवड्यात पहिला कप भिंतीवर फुटला, दुसरा कुणाच्या तरी डोक्यावर. गोदीच्या क्रेनवाल्याने फाउंडरीच्या साचेवाल्याचा कान चावला आणि त्याचा तुकडा जमिनीवर थुंकला. ज्यांनी जन्मात मला हात लावला नव्हता, तेही दात पाडून घेऊ लागले. घरी तर विचारू नका. दोन्ही भाऊ एकाच घरात राहायचे. जेवताना थोरला पुन्हा गाळ म्हणाला. धाकट्याने ताट उडवलं. थोरल्याने पाट उचलून त्याच्या बरगडीत घातला. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, मधे पडली म्हणून दुसरा घाव चुकला. धाकटा बायकोला घेऊन दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला राहायला गेला. हे सगळं वहिनीने क्लबात येऊन चिटणिसांना सुनावलं, म्हणून मला कळलं. भिंत पुसून टाका म्हणाली. चिटणिसांनी उलट सामना ठरवला. जुने आठ विरुद्ध जुने आठ, जिंकेल त्याची नावं भिंतीवर.

मला खुंटीवरून उतरवलं तेव्हा माझ्या अंगावर बोटभर धूळ होती. रखवालदार तोपर्यंत गेला होता, जपणारं कुणी राहिलं नव्हतं. मला उन्हात पसरायचंही कुणाला सुचलं नाही. मैदानात आणलं तर समोर सगळी पोट सुटलेली, केस पिकलेली माणसं, आणि डोळे मात्र रक्ताळलेले. असे डोळे मी त्यांच्या ऐन उमेदीतही पाहिले नव्हते. दोन्ही टोकांना दोन भाऊ उभे राहिले. मधे शिट्टी घेऊन चिटणीस.

पहिली खेच फाउंडरीने घेतली. हत्ती ओढता ओढता ओकला, पण मागे सरकत राहिला. दुसरी गोदीने घेतली, त्याच जुन्या एका श्वासात. तिसरीला मात्र कुणाच्यातच काही उरलं नव्हतं. तळव्यांची सालं निघून मला चिकटत होती. मी रक्ताने निसरडा झालो होतो. गोदीचे पाय मातीत रेघ ओढत पुढे यायला लागले. आणि मग मला कळलं, धाकट्याने मला उजव्या पंज्याला एक वेढा दिला.

बापाने मरायची वेळ आली तरी करू नका म्हणून सांगितलं होतं, ते त्याने केलं. पकड सुटत होती हो त्याची. काय करणार?

फाउंडरीने झटका दिला आणि तो वेढा आवळला. मी आवळलो, दुसरं काय करणार होतो? ओढलं की दोर आवळतोच. त्याची हाडं माझ्या आत मोडली, एकामागून एक. तो नुसता किंचाळला असता तर गोष्ट निराळी होती. तो ओरडला, "दादा, सोड!"

आता नीट ऐका, कारण हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. थोरल्याची मूठ उघडली. लहानपणी उघडायची तशी, आपोआप. मी त्याच्या हातात सैल पडलो. एवढ्यात गर्दीने आरोळी ठोकली, गोदीचा पहिला गडी रेषेशी आला होता. आणि ती मूठ पुन्हा मिटली. आधीपेक्षा घट्ट मिटली, आणि त्याने सगळं अंग मागे टाकलं. धाकटा तोंडावर आपटून हाताने फरपटत निघाला.

मग वहिनी धावली. भिंतीशी आग लागली तर लागणाऱ्या वाळूच्या बादल्या आणि कुऱ्हाड टांगलेली असायची. तिने कुऱ्हाड काढली, मैदानात घुसली आणि धाकट्याच्या पुढ्यात माझ्यावर घाव घातला. मी ताणलेलोच होतो, एका घावात तुटलो. फाउंडरीचे आठही उताणे पडले आणि पडल्या पडल्याच जिंकलो म्हणून ओरडायला लागले. गोदीवाले म्हणाले, बाईने दोर तोडला, सामना रद्द. मग जे जुंपलं ते विचारू नका. बुक्क्या, लाथा, उपटलेले खुंट. चिटणिसांचं डोकं त्यांच्याच खुर्चीने फुटलं. मुक्याचा जबडा मोडल्याचा आवाज मला इतक्या गोंधळातही ऐकू आला. एक म्हातारा दुसऱ्याच्या छातीवर बसून विचारत होता, बोल, भारी कोण? आणि त्या मातीत धाकटा पडला होता, हाताला मी घट्ट, आणि त्याच्यापाशी वहिनी कुऱ्हाड घेऊन उभी. तिच्याजवळ यायची कुणाची छाती झाली नाही.

दवाखान्यात नर्सने मला कात्रीने कातरून सोडवायचं ठरवलं, पण पीळ इतका बसला होता की मला उलटं फिरवत सोडवावं लागलं. धाकट्याची तीन बोटं माझ्यासोबतच निघाली. माझा उरलेला लांब भाग क्लबच्या माळ्यावर पडला. धाकट्याच्या बायकोला मला चुलीत घालायचं होतं. तो नको म्हणाला आणि मला दाराजवळच्या खिळ्यावर लटकवलं.

शेवटी निकाल फाउंडरीच्या बाजूने गेला आणि भिंतीवर तिची आठ नावं लागली. शेवटचं थोरल्याचं. लोक त्याला म्हणायचे, त्या गोंगाटात तुला कसं ऐकू येणार, तुझी काय चूक? तोही तेच म्हणायचा. कुणी विचारलेलं नसतानाही म्हणायचा. वहिनी त्याला वाढायची आणि उठून जायची, बोलायची नाही.

एके दिवशी संध्याकाळी तो धाकट्याच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही, उंबऱ्यावर टेकला. त्याच्या बोटांना पांढरा रंग लागलेला होता. धाकटा डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायची खटपट करत होता. मग थोरला म्हणाला, "एवढ्या गोंगाटात मला ऐकूच आलं नाही रे."

धाकट्याने बटण सोडून दिलं. "दोर सैल झाला होता, दादा," तो म्हणाला.

अरे देवा! म्हणजे इतके दिवस हे मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या टोकाला तोही होताच की. थोरल्याने मान खाली घातली. म्हणाला, "ऐकलं होतं. वाटलं, थोडंच राहिलंय."

धाकटा उठला. आता हा त्याला मारणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, माझी हरकत नव्हती. त्याने मला खिळ्यावरून काढलं, तुटकं टोक थोरल्यापुढे धरलं आणि म्हणाला, "धर." थोरला नको नको म्हणत मागे सरकला. "धर म्हणतो ना."

दोघे अंगणात उतरले. थोरल्याने मला नुसतं पकडलं, ओढेना. धाकटा म्हणाला, "नीट ओढ. लबाडी मला कळते." मग थोरल्याने ओढलं. धाकटा एका हाताने झुंजत होता, टाचा मातीत रुतवून, दात खाऊन. त्याची ताकद गेलेली नव्हती, मला कळत होतं. पण एका हाताने किती टिकणार? त्याचे पाय घसरले, तो पुढे यायला लागला, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"सोड," धाकटा म्हणाला. ओरडला नाही, हळूच म्हणाला.

थोरल्याने सोडलं. त्या क्षणी सोडलं. धाकटा पाण्याच्या बादलीत बसकण मारून पडला, बादली लवंडली, त्याची बायको धावत बाहेर आली. हा चिखलात बसून हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. थोरला समोर तसाच उभा होता, दोन्ही हात पुढे, दोन्ही मुठी उघड्या. किती वेळ झाला तरी त्याने त्या मिटल्या नाहीत. मग धाकट्याने त्याला बसल्या जागेवरून आपला तुटका पंजा दिला, आणि थोरल्याने त्याला धरून उठवलं.

क्लबच्या भिंतीवर आता सातच नावं आहेत म्हणतात. शेवटच्या जागी कुणीतरी पांढरा रंग फासलाय. चिटणीस अजून विचारत फिरतात, कुणी केलं म्हणून. वाद मात्र चालूच आहे, सात आणि आठचा नवा फाटा फुटलाय त्याला.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, धूळ झटका, असं मी मागणार नाही. माझं आता काही राहिलेलं नाही. फार तर एखादी बादली विहिरीत सोडायच्या कामाचा मी. आणि सर्वांत भारी संघ कोणता, हे तुम्ही जरूर भांडा, घसा बसेपर्यंत भांडा. मला त्याचं उत्तर ठाऊक आहे आणि मी ते सांगणार नाही. एवढंच करा. समोरचा "सोड" म्हणाला, तर सोडा. ऐकू आलं नाही, असं मला तरी सांगू नका.