मेंदूबाबांचा टोप

मेंदूबाबांचा टोप बघायला सभागृह खच्चून भरलं होतं. टोप डोक्यावर चढला की वरचा दिवा पेटायचा. निळा म्हणजे साधी उदासी, लाल म्हणजे कधी उधाण, कधी उदासी असा चढ-उताराचा आजार. प्रत्येक दिव्याला टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या रांगेतली दातांची डॉक्टरीण मात्र धुमसत होती, कारण आता मंचावरच्या खुर्चीत तिचा सख्खा धाकटा भाऊ बसला होता.

भाऊ बेकरीवाला. चढ-उताराच्या आजारावर डॉक्टरांनी त्याला लिथियमच्या गोळ्या दिल्या होत्या. हल्ली त्याचं चित्त कशातच नव्हतं; भट्टीसुद्धा बायकोच पेटवायची.

"रडू येतं? सकाळी उठवत नाही?" बाबांनी विचारलं.

"येतं. नाही उठवत."

दिवा निळा!

"मेंदू खोटं बोलत नाही, बाळ! साधी उदासी. त्या लिथियमच्या गोळ्या आजच गटारात फेक, माझा काढा घे." बाबांनी त्याच्या हातात बाटली दिली.

भावाच्या चेहऱ्यावर केवढी सुटका दिसली! ताई मात्र खुर्चीतून अर्धी उठली. मागे गोळ्या सोडल्या तेव्हा हाच गडी झोपेविना टुणटुणीत होता. अख्ख्या गल्लीला फुकट केक वाटले आणि शेवटी गच्चीवरून उडायला निघाला. चौघांनी धरून दवाखान्यात नेला म्हणून वाचला.

तेवढ्यात बाबांच्या कफनीखाली पाय हलला. ताईचं दात कोरायचं यंत्र पायानंच चालतं. ती हालचाल तिला कुठेही ओळखू आली असती. ती तरातरा मंचावर चढली.

"बाबा, जरा पाय उचला."

"मशीन बिघडेल!"

"बिघडू दे की." तिनं टेबलाचं कापड वर केलं. खाली दोन बटणं. टोप काढून तिनं फुलदाणीवर ठेवला आणि एक बटण दाबलं. लाल! दुसरं दाबलं. निळा! "बोला मंडळी, फुलदाणीला कुठला आजार देऊ?"

सभागृह खो खो हसलं. भाऊ हसला नाही.

"मग खरं कळतं कसं, ताई?"

"अरे, मेंदूची चित्रं खरे डॉक्टरही काढतात. पुष्कळ लोकांची एकत्र तपासली तर दोन्ही आजारांत थोडाफार फरक दिसतो. पण एकट्याच्या चित्रावरून निदान करणं अजून कुणाला जमलेलं नाही. पडत्या दिवसांत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टर चढत्या दिवसांबद्दल खोदून विचारतात, घरच्यांनाही विचारतात. यांनी विचारलं?"

"मला तर कुणी तोंडही उघडू दिलं नाही," मंचाजवळ उभी असलेली भावाची बायको म्हणाली.

वाचकहो, दिव्याला टाळ्या वाजवण्याआधी तो लावतो कोण, एवढं तरी विचारायला हवं. आजार मेंदूचा असला, तरी विचार करायला मेंदूच लागतो.

भावानं काढ्याची बाटली टेबलावर ठेवली. "गोळ्यांनी हात थरथरतो, ताई. केकवर नाव लिहिता येत नाही. म्हणून आलो होतो."

ताईचे डोळे भरून आले. इतके दिवस ती नुसतीच रागावत होती. "हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. उद्या तू येशील बरोबर?"